आज कोण खटकलं?

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, बदलापूरच्या आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीने तळमजल्यावरच्या हॉलचं भाडं एका बैठकीला पाचशे रुपये असं ठरवलं. हजर पाच जण होते: अध्यक्ष, सचिव, दोन सदस्य आणि खजिनदार म्हणून मी. ठराव मी मांडला. त्याआधी सभासदांना हॉल फुकट मिळत असे. नियम सगळ्यांना सारखा आहे, हे मी बैठकीत दोनदा सांगितलं, आणि कागदावर ते खरंही होतं. पण दर रविवारी हॉल वापरणारा माणूस अख्ख्या इमारतीत एकच होता. हे आम्हा पाचही जणांना माहीत होतं. विरोधात कोणी बोललं नाही. ज्यांच्यासाठी ठराव होता ते हजर नव्हते.

ते पहिल्या मजल्यावर एकटेच राहायचे. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायचो. वय सत्तरच्या आसपास, अंगावर इस्त्री नसलेला पांढरा शर्ट, आणि खिशात कधीही पाहिलं तरी तीन-चार कोरे रुमाल. ते सगळ्यांना अहो-जाहो करत, अगदी जिन्यात सायकल आडवी लावणाऱ्या पोरांनाही. "अहो, तुमचा हा रथ जरा बाजूला घेता का?" पोरं हसत हसत सायकल हलवायची.

"कसे आहात" असं त्यांनी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. जिन्यात गाठ पडली की विचारायचे, "आज कोण खटकलं?" नवीन माणूस गोंधळून जायचा. एकदा दूधवाल्याने सरळ सांगितलं, "तुम्हीच, सर. पिशवी दहा वाजेपर्यंत दारात ठेवता आणि मांजराने फाडली की मला बोलता." सर इतके खूश झाले की त्यांनी त्याला आत बोलावून चहा पाजला.

या प्रश्नामागे त्यांचा एक नियम होता. कोणी खटकलं की त्याच्याबद्दलचं वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणायचं, त्याच्या जागी स्वतःला घालून. वरच्या मजल्यावरची बाई भोचक आहे, असं कोणी म्हटलं की सर म्हणायचे, "आता उलटं म्हणा." मग त्या माणसाने 'मी भोचक आहे' असं म्हणायचं आणि थोडा वेळ गप्प बसून आत काही हलतंय का ते पाहायचं. "नाही हललं तर सोडून द्या. बाई खरंच भोचक असेल. पण हललं, तर तो माल तुमचा आहे. तुम्ही फक्त तिच्या दारात ठेवून आलात."

रुमालांची गोष्टही यातलीच. उल्हासनगरच्या बाजारात एक सिंधी कापडवाला होता. बढाईखोर, मोठ्या आवाजाचा, गिऱ्हाइकाला बोलू न देणारा. सर सांगायचे, की हा माणूस त्यांना पहिल्या भेटीत इतका असह्य झाला की ते घरापर्यंत त्याच्याशी मनात भांडत आले. म्हणून ते दर महिन्याला मुद्दाम त्याच्याच दुकानात जाऊ लागले. मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. त्यांना पाहताच दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "आओ साईं! फिर आ गए लड़ने?"

"लड़ने नहीं, रुमाल लेने."

"छे महीने से रुमाल! इतना तो कोई रोता नहीं."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "तीस वर्षं वर्गात मी याच्यासारखाच बोललो. समोरच्याला एक शब्द बोलू दिला नाही. हा माझा आरसा आहे, आणि आरशात रोज बघायला लागतं." ते रुमाल मग इमारतीत वाटले जायचे. आमच्या घरी नऊ आहेत.

रविवारचा वर्ग दहा-पंधरा जणांचा असे. विषय ठरलेला: माणूस आतून बदलतो कसा. युरोपातल्या मनाच्या डॉक्टरांनी याबद्दल काय शोधलं आणि आपल्याकडच्या साधकांनी काय सांगितलं, हे दोन्ही समोरासमोर ठेवायचं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो कौतुकाच्या अपेक्षेने, हे आता कळतं. मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, बघतो. वीस वर्षं रोज पहाटे जप करतो, माळा मोजून. घरात किंवा कारखान्यात मी आवाज चढवत नाही. क्रोध हा सहा शत्रूंपैकी एक, आणि तो मी जिंकला आहे, असं मला खरोखर वाटायचं.

सर म्हणायचे, "आपल्याकडे शत्रू म्हटलं. शत्रू म्हटला की माणूस तलवार काढतो. ते डॉक्टर म्हणतात, तो शत्रू नव्हे, घरातून हाकललेला भाऊ आहे. तुम्ही दार लावून घेतलंत, पण तो गेलेला नाही. मागच्या खिडकीने येतो."

"तुमचे भाऊ कुठे असतात, सर?" कोणीतरी गमतीने विचारलं.

"कुळगावात. चालत पंधरा मिनिटं. बारा वर्षं बोललो नाही." आणि ते शांतपणे पुढच्या मुद्द्यावर गेले.

मी वाद घालायचो. म्हणायचो, "सर, आपली परंपरा सांगते, तू मन नाहीस. मागे हो आणि बघ. मग त्या मनातला कचरा चिवडायचा कशाला?" सरांना असे प्रश्न आवडत. ते म्हणाले, "बरोबर. एक जण सांगतो, हे तू नाहीस. दुसरा सांगतो, आधी कबूल कर की हेही तूच आहेस. कबूल न करता मागे झालात, तर ते पळणं झालं. आणि नुसतं कबूलच करत बसलात, तर आयुष्यभर स्वतःचाच उकिरडा फुंकत बसाल. मला दोन्ही लागतात. पण क्रम चुकवू नका. ज्याला आपलं म्हटलं नाही, ते सोडणार कसं?"

दुसऱ्या एका रविवारी नळाला गढूळ पाणी आलं होतं. सरांनी हॉलमध्ये हंडा आणून ठेवला आणि त्यात तुरटी फिरवली. वर्ग संपेपर्यंत वरचं पाणी निवळलं. "आपले लोक सांगतात, पाणी हलवू नका, गाळ खाली बसेल. ते डॉक्टर सांगतात, खाली काय बसलंय ते बघा. दोघंही एकाच हंड्याबद्दल बोलतायत. माझा प्रश्न वेगळा आहे. वरचं निवळलेलं तुम्ही पिता. हंड्याचा तळ घरात घासतं कोण?"

लोक हसले. मलाही ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते जेवणाच्या सुट्टीत कंपनीत सांगितलं. तेव्हाही घरी हंडा कोण घासतं हे मनात आलं नाही.

माझी एकुलती एक मुलगी तेव्हा बीएस्सी होऊन नोकरी शोधत होती. ती तापट आहे असं आम्ही म्हणायचो, म्हणजे मी म्हणायचो. दारं आपटायची, रडायची, एकदा तिने चहाचा कप भिंतीवर फेकला. मी सरांना तिच्याबद्दल खूप वेळा सांगितलं होतं. माझी आई तशीच होती, ते रक्तातून आलंय, तुम्ही तिच्याशी एकदा बोला, वगैरे. सरांनी मला उलटं म्हणायला सांगितलं. 'मी तापट आहे.' मी म्हटलं, थांबलो, आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "काही हललं नाही, सर."

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी तुम्हीच बोला, क्रोधावर. घरच्यांनाही आणा."

मी बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो. मुलगी यायला तयार नव्हती. सरांनी स्वतः वर येऊन "अहो, या ना, मला सोबत होईल" म्हटलं म्हणून आली. मी वीस मिनिटं बोललो. तयारी केली होती. राग आधी श्वासात कसा कळतो, नाम घेतलं की तो कसा विरतो. शेवटी उदाहरण म्हणून कपाचा प्रसंग सांगितला. नाव न घेता, 'घरातली एक व्यक्ती' म्हणून. मी एक शब्द न बोलता काचा कशा गोळा केल्या ते सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. समोर बसलेल्या एका आजोबांनी हात जोडले.

सरांनी मुलीला विचारलं, "त्या काचा गोळा केल्यावर पुढे काय झालं हो?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "करून दाखवू?"

तिने कोणाकडून तरी वर्तमानपत्र घेतलं. टेबलावर ठेवून त्याची घडी घातली, मग आणखी एक, प्रत्येक घडीवरून अंगठा सावकाश फिरवत. माझा चष्मा टेबलावर होता, तो मिटून त्या घडीच्या बरोबर मध्यावर ठेवला. भिंतीकडे पाहिलं. आणि अगदी हळू म्हणाली, "ठीक आहे."

मागच्या रांगेतून माझी बायको उठली. घाईने भिंतीपाशी गेली आणि तिने पंखा बंद केला.

घरी मी 'ठीक आहे' म्हटलं की ती टीव्ही बंद करते, मिक्सर चालू असेल तर तो बंद करते, कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून गॅस बारीक करते. हे मला माहीत होतं आणि मी त्याला समजूतदारपणा म्हणायचो. हॉलमध्ये आवाज करणारी वस्तू पंखा एवढीच होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. 'ठीक आहे' म्हणणारा आवाजही माझा नव्हता, मुलीचा होता. बटणावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली, मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. "अगं बाई," ती म्हणाली.

दोन-तीन जण हसले आणि लगेच थांबले. पंखा बंद असल्यामुळे हॉलमध्ये सगळं ऐकू येत होतं. मुलगी म्हणाली, "हे चार दिवस चालतं. कधी आठ. मग आई रडते, मग मी ओरडते, आणि मग मला राग येतो म्हणून मला इथे आणतात." सर मोठ्याने हसले आणि त्यांनी टाळी वाजवली. हात जोडणारे आजोबा माझ्याकडे बघायचं टाळत होते.

मी घरी गेलो. तीन दिवस कोणाशी बोललो नाही. त्याला मी मौन म्हणालो.

गणपती झाले, आणि मग तो ठराव. नोटीस मीच टाईप केली. संध्याकाळी सर ती घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, "भाषा फार सुंदर आहे. 'हॉलच्या देखभालीचा वाढता खर्च लक्षात घेता.' मला कधी इतका राग इतका नीट टाईप करता आला नसता."

"सर, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"हो ना," ते म्हणाले. "चुकलं कुठेच नाही." आणि खाली गेले. वर्गासाठी ते कोणाकडून पैसे घेत नसत आणि महिन्याला दोन हजार स्वतः देणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांचं पेन्शन किती असेल याचा हिशेब ठराव मांडण्याआधी मी मनात केला होता. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मुलीला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. कपही फेकला नाही. ताट घेऊन आपल्या खोलीत गेली आणि त्या दिवसापासून तिथेच जेवू लागली. दिवाळीच्या आधी तिने आईला सांगितलं, की ती पुण्याला आत्याकडे जाईल, तिथेच नोकरी बघेल, आणि सुट्टीत यायचं की नाही ते नंतर ठरवेल. मी ते दाराआडून ऐकलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "अहो, ती गेली की या घरात मी आणि तुमची शांतता. मी नाही राहू शकणार तिच्याबरोबर." पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतकं सरळ कधी बोलली नव्हती.

सरांचा वर्ग तोपर्यंत उल्हासनगरला हलला होता. त्या कापडवाल्याच्या दुकानात, माळ्यावर, दुकान बंद असण्याच्या दिवशी. तो म्हणाला होता म्हणे, "साईं, भाड़ा नहीं लूँगा. लेकिन रुमाल कहीं और से लिया तो निकाल दूँगा." मी रजा टाकून गेलो. शटर अर्धं वर होतं. दुकानदाराने मला आपादमस्तक पाहिलं. "क्लास वाले हो? जूते बाहर. और माल पे बैठना नहीं."

माळ्यावर कापडाच्या ठाणांच्या मध्ये सतरंजीवर सर एकटेच होते, वर्गाला अजून वेळ होता. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, किंवा त्यांनी दाखवलं नाही.

"या. आज कोण खटकलं?"

वाटेत मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणालो, "मीच, सर. मीच वाईट आहे. सगळं माझंच चुकलं."

"हे नको," ते म्हणाले. "ही भक्तांची पळवाट आहे. मी पापी, मी पतित. ऐकायला गोड, आणि त्यात काय केलं ते कुठेच येत नाही. काय केलंत ते सांगा."

खाली दुकानदार फोनवर कोणाला तरी झापत होता. मग मी बोललो. मुलगी चौथीत असताना तिच्या प्रगतिपुस्तकावर सही न करता मी ते घडी घालून परत दिलं होतं आणि सहा दिवस बोललो नव्हतो, ते. बायकोने माहेरी दोन दिवस जास्त राहिल्याबद्दल तिच्याशी अख्खा श्रावण फक्त 'हो' आणि 'नाही' बोललो होतो, ते. आणि त्या काळात मी रोजच्या माळा वाढवल्या होत्या, तेही. पेन्शनच्या हिशेबाचं मात्र तिथेही सांगितलं नाही.

सरांनी उलटं म्हणायला सांगितलं नाही. ते म्हणाले, "मलाही एक सांगायचंय. त्या दिवशी हॉलमध्ये मी टाळी वाजवली. तुमची मुलगी रडायच्या बेतात होती आणि तुमची बायको तिथे उभी होती, आणि मला मजा आली. माझं म्हणणं सिद्ध झालं म्हणून. त्याची मला लाज वाटते. नोटीस घेऊन आलो तेव्हाच हे तुमच्याजवळ म्हणायला हवं होतं, तर मी नोटिशीच्या भाषेवर विनोद केला."

आमच्या दोघांच्या लाजेचं पुढे काय करायचं ते आम्हाला कळलं नाही. थोड्या वेळाने मी विचारलं, "मुलीशी तुम्ही बोलाल का? ती जातेय."

"मी शिकवतो. बरं करत नाही. आणि तुम्ही अजूनही तिलाच पुढे करताय." त्यांनी अंबरनाथला बसणाऱ्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला, त्यांची जुनी विद्यार्थिनी. एवढं सांगून ते उठले, कारण जिन्यावर पावलं वाजू लागली होती आणि त्यांना ठाणं बाजूला करायची होती. नंतर ते आमची इमारत सोडून उल्हासनगरलाच राहायला गेले. गुडघ्यांमुळे, असं सोसायटीत सांगितलं जातं. मी ते खोडून काढलेलं नाही.

घरी येऊन मी मुलीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, "अंबरनाथला एका बाईंकडे जायचंय. शनिवारी. येशील?"

"मला नाही गरज."

"मला आहे. एकट्याने जायला जमणार नाही."

ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बघते." शनिवारी तयार होऊन बसली होती.

तिथे काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?" आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे पाहून पेन उचललं. मी माझं नाव सांगितलं. माझी मुलगी जाऊन खुर्चीवर बसली.

आत मला पन्नास मिनिटं मिळाली होती. त्यातली चाळीस मी मुलीबद्दल बोललो. तिचा राग, कप, पुणे, माझ्या आईचं रक्त. बाई ऐकत होत्या. मग घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "दहा मिनिटं उरलीत. आता तुमच्याबद्दल सांगा." मी टेबलावरचा माझाच चष्मा उचलला, मिटला, परत उघडला. दहा मिनिटांत तीन वाक्यं झाली असतील.

बाहेर आलो तेव्हा मुलीने विचारलं, "काय सांगितलंत?"

"तुझ्याबद्दलच बोललो."

"मला माहीतच होतं," ती म्हणाली. पण उठली नाही. "परत कधी बोलावलंय?"

"पुढच्या शनिवारी."

"मग मी पुण्याचं त्यानंतर बघते."

मी काउंटरवर गेलो. त्या दिवसाचे आठशे आणि पुढच्या शनिवारचे आठशे आगाऊ, असे सोळाशे रुपये तिथल्या मुलीकडे दिले. तिने दोन पावत्या फाडल्या. दोन्हीवर पेशंट म्हणून माझं नाव आहे.